करंगळीएवढा लांगरी

गेल्या आठवड्यात कळंब्याच्या रस्त्यावर यंदाचा पहिला उसाचा ट्रॅक्टर दिसला. मागं दोन ट्रॉल्या, त्यांच्या मागं तुंबलेल्या पंधरा-वीस गाड्या, आणि ड्रायव्हर मात्र मोठ्यानं गाणी लावून आपल्याच तंद्रीत. अशा वेळी हॉर्न वाजवून उपयोग नसतो, हे इथं गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळून चुकलेलं असतं. मी स्कूटर कडेला घेतली, रस्त्यावर सांडलेल्या कांड्या चुकवत हळूहळू घरी आले. संध्याकाळी वाऱ्याबरोबर मळीचा वास आला. बाहेरगावचे पाहुणे या वासाला नाक मुरडतात. आम्हाला त्याच वासानं थंडी पडल्याची खात्री पटते. मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून रंगांचा डबा काढला आणि एकेक बाटली कानाशी धरून हलवून पाहिली. दोन वाळून गेल्या होत्या. बाकीच्या शाबूत होत्या.

मी सैनिक रंगवते. म्हणजे करंगळीएवढे, जुन्या लढायांमधले सैनिक. कुणी शिशाचे ओततं, कुणी आता यंत्रावर छापून देतं. ते राखाडी, कोरे असे घरी येतात. मग आपण त्यांना कातडी द्यायची, कपडे द्यायचे, बुटांवर चिखल द्यायचा. पन्नाशीच्या बाईनं हे करावं याचं लोकांना नवल वाटतं. शेजारच्या शिवलीलाअक्का सीमेपलीकडच्या कानडी माहेरच्या. त्या पहिल्यांदा माझं टेबल बघून म्हणाल्या होत्या, "अय्य, लेकीचं लग्न झालं आणि आता तू बाहुल्या खेळतीस व्हय गं?" मी म्हटलं, हौसेला मोल नसतं, अक्का. तसं पाहिलं तर माझं दिवसभराचं कामही याच जातीचं आहे. राजारामपुरीत दातांच्या लॅबमध्ये मी दात बनवते. आधी मेणात कोरायचा, मग साच्यात घालायचा, आणि शेवटी शेजारच्या दाताला शोभेल असा रंग बारीक कुंचल्यानं चढवायचा. तीस वर्षं हे केल्यावर हाताला दुसरं काही सुचत नाही. फरक इतकाच की दात लोकांच्या तोंडात जातात आणि सैनिक माझ्याजवळ राहतात.

रंगवण्यापेक्षा मला निवडण्यात जास्त गोडी आहे, हे मी कबूल करते. संगणकावर शेकडो सैनिक पुढ्यात उभे राहतात. कुठला काळ घ्यायचा, कुठली फौज, कुणाची बाजू, चालणारा घ्यायचा की गुडघा टेकून नेम धरणारा. पुण्यातले एक गृहस्थ आयुष्यभर फ्रेंच घोडेस्वारच रंगवत आलेत, त्यांना दुसरं काही दाखवलं तरी नको असतं. इथले बहुतेक जण मावळ्यांपासून सुरुवात करतात, ते साहजिकच आहे. सगळे म्हणतात, जो गणवेश डोळ्यात भरेल तो घ्यावा. पण मला वाटतं माणूस गणवेश निवडत नाही. त्याच्या मनात कुठंतरी एक जागा रिकामी असते आणि तो ती भरायला बघतो. मी पहिला संच घेतला तो तोफेचा होता. एक तोफ आणि भोवती चार गोलंदाज. का घेतला, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की तोफेचं पितळ रंगवायला मजा येते.

हे खोटं होतं, आणि ते उघडं पडलं चार वर्षांपूर्वीच्या हंगामात. यंदाचा ट्रॅक्टर बघून मला तोच हंगाम आठवला. त्या वर्षी माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आजऱ्याकडच्या आमच्या गावाहून माझ्याकडं राहायला आले. दोन्ही डोळे पिकलेले. डॉक्टर म्हणाले, आधी उजवा करू, महिन्याभरानं डावा. म्हणजे ऊस सुरू होताना आलेले आबा शिवरात्रीपर्यंत राहणार होते. लग्न झाल्यापासून ते माझ्याकडं सलग चार दिवसही राहिले नव्हते. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली. भीती अशी की, माझ्या कपाटातले चाळीस सैनिक त्यांना आता स्पष्ट दिसणार होते.

भीतीचं कारण सांगायचं तर सहावीत जावं लागेल. आबा अठरा वर्षं फौजेत होते. आमच्या भागात फौजेतून आलेल्या कुठल्याही माणसाला लोक मेजर म्हणतात, मग तो तिथं काहीही करत असो. आबांनाही मेजर म्हणत. प्रत्यक्षात ते लांगरी होते, म्हणजे पलटणीचे स्वयंपाकी. सुट्टीवर आले की चुलीपाशी तेच बसत. आईला म्हणत, "तू बस गं जरा," आणि घनसाळ तांदळाचा असा भात करत की गल्लीत वास जाई. मला ते फार आवडायचं. पण सहावीत गुरुजींनी वर्गात विचारलं, कुणाचे वडील फौजेत काय करतात, आणि माझ्या आधीच्या मुलीनं सांगितलं की तिचे वडील रणगाडा चालवतात. माझी पाळी आली. मी म्हणाले, माझे वडील तोफ डागतात.

गोष्ट तिथंच संपली असती, पण त्याच महिन्यात आबा सुट्टीवर आले आणि गुरुजींनी त्यांना सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला बोलावलं. सगळ्या शाळेसमोर गुरुजी म्हणाले, मेजर, मुलांना तोफेविषयी दोन शब्द सांगा. आबांनी रांगेत माझ्याकडं बघितलं. मी खाली मातीकडं बघत होते. मग त्यांचा आवाज आला, "पोरानू, फौजेत सगळ्यांच्या आदी उठायला लागतं. थंडी असू दे, न्हायतर पाऊस. ज्याला उठायला जमतंय त्यानं फौजेत जावं." एवढं बोलून ते बसले. टाळ्या वाजल्या. ते खोटं बोलले नाहीत आणि मलाही खोटं पडू दिलं नाही. घरी आल्यावर त्यांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. फक्त त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांनी पातेल्याला हात लावला नाही. त्या सुट्टीत नाही, पुढच्या नाही, पेन्शनीत आल्यावर नाही, आई गेल्यावरसुद्धा नाही; भावजय येईपर्यंत शेजारच्या काकूंकडून डबा घेत होते. चाळीस वर्षं मी हे बघत होते आणि मला ठाऊक होतं की हे माझ्यामुळं झालंय. माफी मागायची होती. पण इतक्या जुन्या गोष्टीची माफी मागायला तोंड कुठून उघडायचं, तेच मला सुचत नव्हतं. या मुक्कामात ते जमवायचं, असं मी ठरवलं होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून, दिवसातून सहा वेळा थेंब घालून घेत आबा गॅलरीत उन्हाला बसू लागले. वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, शेगडीच्या धुरापाशी जायचं नाही. आमचे हे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टवर जात, त्यामुळं रविवारी दुपारी घरात बाप आणि लेकच असायचो. मी शेंगा फोडून त्यांच्या हातावर द्यायचे आणि संगणकावरचे सैनिक वाचून दाखवायचे. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकायला आवडायचं.

"आबा, हा झेंडेकरी आहे. घेऊ?"

"घे की."

"हा नगारा वाजवणारा."

"घे की. त्येला तर जोर लागतोय."

"हा मेलेला घोडा आहे, नुसता घोडा."

"मेलेला कशाला पैशे दिऊन आणायचा?" पण लगेच म्हणत, "बघ बाय, तुला आवडतोय तर घे."

असं करत त्या महिन्यात मी अकरा जण मागवले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बोलावं. प्रत्येक वेळी खालून एखादी ट्रॉली धडधडत जायची, आबा म्हणायचे, "लई भरलाय गं ह्यो, पलटी हुतंय बघ कुटंतरी," आणि बोलणं उसावर जायचं. ऊस, तोड, टोळ्यांची पालं, त्यांची थंडीत कुडकुडणारी जनावरं. आबांना सगळ्यांची काळजी. मी ऐकत राहायचे आणि थेंबांची बाटली हातात फिरवत बसायचे.

डावा डोळाही उरकला. पंधरा दिवसांनी एका सकाळी, चांगलं ऊन आलेलं असताना, आबा आपणहून माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी कपाटाची काच सरकवली आणि सैनिक बघायला लागले. घाई नाही. पहिल्या ओळीतला एकेक, मग दुसऱ्या ओळीतला. मग तोफेपाशी आले. त्यांनी तोफ बघितली, चारही गोलंदाज बघितले, आणि पुढं गेले. सगळे बघून झाल्यावर म्हणाले, "लई बेस केल्यात. बुटांची नाडीसुदिक दिसतीया." मग म्हणाले, "एवड्या जणांस्नी जेवाय कोण घालतंय गं?"

त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता. मोठ्या लग्नात शिरल्यावर आचारी कोण आहे असं विचारावं, तसं त्यांनी विचारलं. सैन्य पोटावर चालतं, हे मी दहा पुस्तकांत वाचलं होतं. कुठल्या पलटणीच्या बाह्या केव्हा बदलल्या हे मला पाठ होतं. आणि चाळीस-पन्नास माणसं निवडताना एकदाही माझा हात जेवण करणाऱ्याकडं गेला नव्हता. मी दुपारी संगणकावर शोधायला बसले. झेंडेकरी सापडत होते, वैद्य सापडत होते, कुत्रा सापडला, मेलेला घोडा तर होताच. आपल्याकडच्या पलटणीचा लांगरी कुणीच विकत नव्हतं. कुणी मागितलाच नसणार. मग मला वाटलं, दात कोरणाऱ्या बाईनं माणूस विकत का शोधावा?

लॅबमधून मेण आणलं. तीन संध्याकाळी बसून मी लांगरी कोरला, साच्यात घातला. घरात कवळीचं सामान होतं तेच वापरल्यामुळं तो निघाला हिरडीच्या गुलाबी रंगाचा. आबांच्या हातावर ठेवला.

"ह्यो आत्ताच न्हाऊन आल्यागत दिसतोय," आबा म्हणाले.

"रंग द्यायचाय अजून. बाकी बघा."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. मग हसायलाच लागले. "आगं, ह्यो भात करतोय का सलामी देतोय?"

मी बघितलं आणि माझंच मला कळलं. मी त्याला ताठ उभा केला होता. पाय जुळवलेले, छाती पुढं, आणि भाताचं लांब उलथनं खांद्याला बंदुकीसारखं लावलेलं. स्वयंपाकी करायला बसले आणि हातानं पुन्हा शिपाईच केला. सहावीतली मुलगी अजून माझ्या बोटांत बसलेली होती. मला तिचा राग आला, आणि मग तिची कीवही आली.

"मग कसा असतो?" मी विचारलं.

आबा उठले. गॅलरीतला झाडू घेतला, उलटा धरला, पाय फाकवून उभे राहिले. भार डाव्या पायावर, कंबर जराशी वाकलेली. "डॉक्टरनी वाकायचं न्हाय म्हटलंय," मी म्हणाले. "ह्ये वाकनं न्हवं," ते म्हणाले, "आन् हे बग, तोंड बाजूला. वाफेत तोंड घालनारा लांगरी दोन दिवसांत घरला जातोय. हात ढवळत्यात, डोळं दुसरीकडं." आणि ते झाडूच्या दांड्यानं गॅलरीतली हवा ढवळायला लागले. समोरच्या गॅलरीतून शिवलीलाअक्का ओरडल्या, "मामा, काय करायलाय हो? जाळं काढायलाय?" आबा ओरडून म्हणाले, "भात!" अक्कांनी कपाळाला हात लावला आणि आत गेल्या.

तसे ते दोन-तीन सकाळी माझ्यासमोर उभे राहिले. मी मेण तापवायचे, कोरायचे, आणि ते दांडा धरून बोलायचे. इतकी वर्षं न बोललेलं बोलायचे. उंचावर भात शिजत नाही, बाहेरनं शिजल्यासारखा दिसतो आणि आत दाणा कच्चा असतो. डाळीचं तर नावच काढू नये. स्टोव्ह पेटायला तासभर लागायचा, पाणी आधी बर्फ होतं ते वितळवायचं, मग स्वयंपाक. मी विचारलं, लढाई कधी बघितली का? ते म्हणाले, "मी कुठं बघनार? मी पातेल्यापाशी." त्यांनी दांडा दोनदा गोल फिरवला. मग म्हणाले, "एकदा सव्वीस जनांचा भात टाकलावता. उतरीवला. एकोणीस जन आले."

मी हातातली सुरी खाली ठेवली.

"मग?"

"मंग काय. सात जनांचा भात उरला. आमास्नी वायरलेस लागत न्हवता गं. भात उरला की कळायचं."

"काय केलंत त्याचं?"

"झाकून ठिवला. कंबळ गुंडाळून. म्हटलं येत्याल कोनतरी." त्यांनी दांड्यावरचा हात बदलला. "दोघं आले सकाळी. गारच भात खाल्ला त्यांनी. गरम करून देतो म्हटलं, तर थांबले न्हाईत."

बाकीच्या पाचांचं मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मी लपवलंही नाही. तोफेपेक्षा मोठं काहीतरी माझ्या बापानं केलं होतं, आणि मी सहावीत असताना ते झाकून टाकलं होतं. तेव्हा तरी बोलायचं. पण आबा म्हणाले, "मेण गार पडतंय बग तुझं," आणि मी खाली मान घालून पुन्हा कोरायला लागले.

दुसरा लांगरी बरा निघाला. रंगवताना आबा शेजारी बसून सांगत होते. कोपरापर्यंत काजळी दे. पुढं बांधलेलं फडकं पांढरं ठेवू नकोस, ते पहिल्याच दिवशी पांढरं असतं. पायात बूट नकोत, पातेल्यापाशी मी जुन्या चपलाच वापरायचो. एक पातेलंही केलं, आत भात म्हणून दातांचंच पांढरं सामान बारीक चुरून घातलं. गणपतीवाले कुंभार डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी करतात, मीही तशीच करते. डोळे काढताना मी विचारलं, "कुठं बघू दे याला?" आबा म्हणाले, "येनाऱ्यांच्या वाटंकडं." तसे काढले. त्यांनी तो उन्हात धरून बघितला, जरा खोकल्यासारखं केलं आणि कपाटातल्या बाकीच्यांच्या मागं नेऊन ठेवला. मी म्हटलं, गावी घेऊन जा. "माझ्याकडं कशाला? मला काय भूक न्हाय. ह्यास्नी उपाशी ठिवू नगंस म्हंजे झालं."

घरात चमत्कार वगैरे झाला नाही. शेवटची तपासणी झाली, डॉक्टरांनी धुराची बंदी उठवली, तरी आबा स्वयंपाकघरात शिरले नाहीत. दारात उभं राहून मी भात कसा लावते ते बघायचे, एकदोनदा काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आणि मीही तोंड मिटूनच राहिले. बाप तशी लेक.

त्यानंतर माझी निवड बदलली. आता मी ओळीच्या मागं कोण आहे ते आधी बघते. गेल्या वर्षी एक पाणी वाहणारा पखालवाला केला, एक खेचरांचा हाक्या केला, एक नुसता कपडे वाळत घालणारा शिपाई केला. पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं की यात शौर्य कुठं आहे. मी त्यांना पखालवाल्याचा फोटो मोठा करून पाठवला. आबा आता गावीच असतात. फोनवर कमी ऐकू येतं, पण डोळे अजून स्वच्छ आहेत.

त्या वर्षी शिवरात्रीच्या आदल्या दिवशी मी त्यांना गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेले. सगळा मुक्काम संपला होता आणि जे बोलायचं होतं ते बोलून झालं नव्हतं. आजऱ्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर शेजारी एक वयस्क गृहस्थ येऊन बसले, फेटा बांधलेले, मांडीवर पिशवी. त्यांनी आबांच्या बसण्यावरून ताडलं असावं.

"काय पावणं, फौजेत हुता वाटतं?"

"व्हय. अठरा वर्सं."

"आसं? मेजर म्हना की मंग. आमचा धाकला भाऊबी हुता, सिग्नलात. तुमी कशावर हुता?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. एका क्षणात ते मला दिसलं: ते आता नेहमीसारखं काहीतरी खरं पण अर्धवट बोलतील, माझ्यासाठी, आणि विषय मिटेल. चाळीस वर्षं त्यांनी मला असंच सांभाळलं होतं. आजूबाजूला माणसं होती, समोर कॉलेजच्या मुलींचा घोळका होता. मला सहावीचा वर्ग आठवला.

"लांगरी होते," मी म्हणाले. आवाज वाजवीपेक्षा मोठा आला. दोन मुलींनी वळून बघितलं. मी पुन्हा म्हणाले, "माझे वडील लांगरी होते. अख्ख्या पलटणीला जेवायला घालायचे. मी शाळेत सगळ्यांना तोफ सांगितली होती. खोटं सांगितलं होतं."

ते गृहस्थ गोंधळून माझ्याकडं बघत राहिले. बिचाऱ्यांनी सहज चौकशी केली होती. आबा समोर बघत होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं सावकाश पुसला, परत लावला. मग त्या पाहुण्यांकडं वळले, आणि मला इतक्या वर्षांत कधी ऐकू न आलेल्या, सगळ्या स्टँडला जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आन् अठरा वर्सांत एकदाबी भात करपू दिला न्हाय!"